मान घासू नकोस, पोरी

परवा तू बाहेरून आलीस. पंखा लावून बसलीस, सरबत प्यायलीस, पण मानेवरचा स्कार्फ काढला नाहीस. मी तेव्हा काही बोलले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे लिहून देते आहे.

स्कार्फखाली तू लपवतेस तशी काळी मान तुझ्या आत्याचीही होती. बारावीत असताना मागच्या बाजूला काळा, मखमलीसारखा जाडसर पट्टा आला. मी त्याला मळ समजले. दर रविवारी क्वार्टरच्या मोरीत बसवून डाळीचं पीठ आणि लिंबू लावून घासायची. कातडी लाल व्हायची, पोर रडायची, पट्टा होता तसाच राहायचा. तिची पाळी तीन-तीन महिने यायची नाही. एका डॉक्टरांनी सांगितलं, लग्न झालं की होईल सुरळीत. वजन वाढत होतं, त्याला आम्ही खात्यापित्या घरची म्हणत होतो. पहिल्या गरोदरपणात तिला साखर निघाली, तेव्हा कुठे एका डॉक्टरीणबाईंनी तिची मान पाहून मला सांगितलं, की मान, पाळी, वजन आणि साखर हे सगळं एकाच दुखण्याचं आहे. तोवर आठ वर्षं गेली होती. त्या घासण्याबद्दल मी तुझ्या आत्याची माफी मागितली आहे.

आता नीट समजून घे. जेवल्यावर रक्तात साखर वाढते, ती पेशींत पोचवायचं काम इन्सुलिनचं. पोटात आणि यकृतात चरबी साठली, की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. या जादा इन्सुलिननं मानेची आणि काखेची कातडी जाड, काळी होते. तेच इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. शिवाय ही संप्रेरकं बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवतं, त्यामुळे ती रक्तात मोकळी फिरतात. त्यातूनच हनुवटीवर केस, मुरुमं, डोक्यावरचे केस विरळ होणं. बीज पिकता पिकता थांबतं, म्हणून पाळी लांबते. सोनोग्राफीत ज्यांना गाठी म्हणतात, त्या बीजाच्या अर्ध्यावर थांबलेल्या इवल्या पिशव्या. कापून काढायचं तिथे काही नसतं.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी हा आजार मांडला. पुढे त्याला पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणू लागले. नावातच बीजांडकोश आल्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिथेच राहिलं, साखरेकडे उशिरा गेलं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या १३ पर्यंत बायकांना हा त्रास असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना त्याचा पत्ताच नसतो. म्हणजे तू एकटी नाहीस.

‘आजी, मी कुठे जाडी आहे?’ असं तू म्हणशील. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या लोकांची काठी बारीक दिसते आणि चरबी पोटात बसते. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नकोस, माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप घे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोज. बाईचं माप ८० सेंटीमीटरच्या वर गेलं तर साखर तपासायचीच. पुरुषाचं ९० च्या वर. तुझ्या बाबांचंही मोजून टाक.

कालनिर्णयवर मी दुधाचे खाडे मांडते, तसा तू पाळीचा पहिला दिवस मांड. दोन पाळ्यांत २१ पेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त दिवस पडत असतील तर डॉक्टरांना तो कागद दाखव. नव्वद दिवस कोरडे गेले तर थांबायचं नाही. बीज सुटत नाही तेव्हा गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, आणि वर्षानुवर्षं असं झालं तर तिथे कर्करोगाचा धोका वाढतो. पाळी आणायच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तर शेजारणीचं ऐकून अर्ध्यावर सोडू नकोस. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनही तपासून घे, त्यांच्यामुळेही पाळी बिघडते.

खाण्याचं सांगते. मी नागपूरहून भाकरीची सवय घेऊन इथे, भाताच्या मुलखात आले आणि पाच वर्षांत आमच्या घरात दोन्ही वेळ भात झाला. तेव्हा तुझे आजोबा सायकलनं प्लांटला जायचे, पचून जायचा. आता सगळ्यांच्या बुडाखाली स्कूटी. भात सोड असं मी म्हणत नाही. ताटात आधी लाल भाजी, चेच भाजी अशा पालेभाज्या, मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा. मग घट्ट वरण किंवा अंडं. भात शेवटी, एक वाटी. चतुर्थीच्या खिचडीतला साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यापेक्षा दही आणि मूठभर दाणे खा. पण उपाशी राहून बारीक व्हायला जाऊ नकोस. अंगातली चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडून मेंदूला साठा पुरेसा असल्याचं कळवते. साठा एकदम आटला तरी मेंदू पाळी बंद करतो.

तुझं वजन ७२ किलो. त्याचे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. एवढं उतरलं तरी पुष्कळजणींचं बीज पुन्हा सुटायला लागतं. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चाल, कारण चालते स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. दिवसाआड उठाबशा काढ. आणि मोबाइल ठेवून झोप.

लग्नाचं बोलणं चाललंय म्हणून आणखी एक. या दुखण्यानं मूल होत नाही हे खोटं. आत्याला दोन आहेत. मूल होणं लांबलंच, तर नवऱ्याची तपासणी तुझ्याबरोबर पहिल्याच भेटीत व्हायला हवी. पोट सुटलेल्या पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन घटतं. गरोदरपणात साखर निघाली, तर बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ती पुन्हा तपासायची. आत्याची कोणी तपासली नाही. घर बाळाभोवती होतं, आणि मी तिला गुळाच्या पाकातले डिंकाचे लाडू भरवत होते.

बुधवारी आपण दोघी जाऊ. उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची, दोन्ही करून घेऊ. लॅब सातला उघडते. मंगळवारी रात्री जेवण लवकर आटप, त्यानंतर फक्त पाणी पी.