शंभर ग्रॅम मिरची कोण खातं?

हिरव्या मिरचीत संत्र्यापेक्षा जास्त 'क' जीवनसत्त्व असतं, हे खरं आहे. आमच्या घरात घोळ झाला तो ते खरं असल्यामुळेच. खोटं असतं तर कोणीतरी खोडून काढलं असतं.

ह्यांच्या हृदयाची मायट्रल झडप बदलून धातूची बसवली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. घरी सोडताना जो कागद मिळाला त्यावर पथ्याची एकच ओळ होती: हिरव्या पालेभाज्या टाळाव्यात. का, किती, कुठल्या, काही नाही. सांगितलं ते ऐकायचं, म्हणून मेथी, पालक, शेपू, चाकवत सगळं घरातून हद्दपार झालं. हे मूळचे खानदेशातले, ठेच्यावर वाढलेले. त्यात मोबाइलवर एक तक्ता आला. एका बाजूला पालक, दुसऱ्या बाजूला हिरवी मिरची आणि 'क' जीवनसत्त्वात मिरचीने पालकाला कुठल्या कुठे मागे टाकलेलं. ह्यांना तेवढंच हवं होतं. "पाला बंद झाला म्हणून बिघडलं कुठे? मिरचीत सगळं आहे," असं म्हणत भाकरी, पिठलं आणि ठेचा दोन्ही वेळा सुरू झाला.

तक्त्यातले आकडे बरोबर असतात, पण ते शंभर ग्रॅमचे असतात. शंभर ग्रॅम हिरव्या मिरचीत जातीनुसार आणि तक्त्यानुसार शंभराच्या आसपास ते जवळपास अडीचशे मिलिग्रॅमपर्यंत 'क' जीवनसत्त्व निघतं. पालकात तेवढ्याच वजनाला तीसच्या आत-बाहेर, संत्र्यात पन्नासएक. आता ताटाकडे बघा. मध्यम मिरची चार-पाच ग्रॅमची. तव्यावर तेल टाकून डाग पडेपर्यंत भाजली, लसूण-मीठ घालून रगडली आणि त्यातला चमचाभर ठेचा पानात आला, की पोटात जाऊन-जाऊन किती जाणार? चार-सहा मिलिग्रॅम गेलं तरी खूप, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेला टिकत नाही. पुरुषाची दिवसाची गरज आपल्याकडे ८० मिलिग्रॅम धरतात. उलट पालकाची जुडी निवडून, चिरून शिजवली की माणशी शंभर ग्रॅम पाला सहज पोटात जातो. शिजवताना निम्मं गेलं असं धरलं तरी वाटीभर भाजीतून ठेच्याच्या दुपटीहून जास्त उरतं. फोलेट आणि चोथा त्याच्या वर. शर्यत मिरचीने जिंकली ती कागदावर.

मिरचीचा मान कमी करायचा नाही. हंगेरीच्या सेगेद गावात अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी 'क' जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळं काढलं ते मिरचीच्याच भाऊबंदातून, तिथल्या पापरिकातून. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. पण पापरिका ही मांसल, भाजीसारखी खाता येणारी मिरची. लवंगी मिरची कोणी वाटीभर खाऊन दाखवावी! तिखटपणा आणि पोषण यांचा तर तसा संबंधच नाही. जाळ असतो तो कॅप्सायसिनचा आणि तो बियांपेक्षा त्या ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात जास्त. ब्याडगी कमी तिखट, पण रंगाला गडद, आणि लाल मिरचीतला 'अ' जीवनसत्त्वाचा भाग त्या रंगातच असतो. वाळवलेल्या मिरचीत 'क' जवळपास उरत नाही, हेही तक्ता पाठवणारे सांगत नाहीत.

पुढे व्हायचं तेच झालं. पोटात चोथा नाही, पाणी पिण्याचा कंटाळा, त्यामुळे बद्धकोष्ठ. मूळव्याध जुनीच होती, ती उठली. रक्त पातळ असल्यामुळे साधं रक्त पडणंही लवकर थांबेना. मिरचीने आग केली खरी, पण मूळ दुखणं कुंथण्याचं होतं.

खरा घोर लागला तो मार्गशीर्षात. हे आठवडाभर बहिणीकडे गावी राहिले. माझ्या नणंदेच्या शेतात हरभरा कोवळा, मेथी कोवळी. सकाळ-संध्याकाळ घोळाणा. घोळाणा म्हणजे मेथीचा किंवा हरभऱ्याचा कच्चा पाला, चिरलेला कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट आणि वरून कच्चं तेल. भाकरीबरोबर माणूस परातभर खातो. कागदावरची ओळ आठवून कोणी हात धरला असेल तरी पाहुण्याला ते चालतं का? परत आल्यावर रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर तपासणी केली. आकडा २.५ ते ३.५ च्या मध्ये हवा, तो आला १.६. म्हणजे रक्त पुन्हा घट्ट होऊ लागलेलं. काही दिवस पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. गुठळी धरली नाही, हे नशीब.

तेव्हा डॉक्टरांनी जे समजावलं ते पहिल्याच कागदावर हवं होतं. ही गोळी 'के' जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते. त्याच जीवनसत्त्वाच्या आधाराने यकृत रक्त गोठवणारे घटक तयार करतं. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात 'के' पावणेपाचशे मायक्रोग्रॅमच्या घरात, तर हिरव्या मिरचीत चौदाच्या आसपास. एका मिरचीत एक मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. म्हणून मिरचीने आयएनआर हलत नाही आणि पाल्याने हलतो. पण पाला तोडून टाकणं हा उपाय नाही. शरीरात 'के' चा साठा नसला की थोडासा पालाही आकडा गदगदा हलवतो. रोज ठरावीक खाल्लं तर डॉक्टर गोळीचा डोस त्या खाण्यावर बसवू शकतात. गोळी जेवणावर बसवायची, जेवण गोळीसाठी उपाशी ठेवायचं नाही.

आता आमच्याकडे एक दिवसाआड एक वाटी शिजलेली पालेभाजी असते, वाटी तीच. मेथी, तांदुळजा, चवळई, राजगिरा आलटून-पालटून. पालकाचं मला विशेष कौतुक नाही, कारण त्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटमध्ये अडकून बहुतेक वाया जातं. मेथीचं तसं नाही. कोथिंबीर भाजीवर चिमूटभर भुरभुरली तर काही होत नाही, पण कोथिंबिरीची हिरवी चटणी वाटीभर वाढली तर ती पालेभाजीच, कारण 'के' तिच्यातही खूप असतं. हिरव्या रसाची पावडर, शेवग्याच्या पानांचं चूर्ण, कोणी दिलेला काढा, हे सगळं विचारल्याशिवाय बंद.

आणखी एक. 'रक्त पातळ होण्याची गोळी' हे आपल्याकडे सगळ्याच गोळ्यांचं नाव आहे. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचं पालेभाजीशी वाकडं नाही. अपिक्सॅबॅन, डॅबिगट्रॅन या नव्या गोळ्यांचंही नाही, मात्र धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल घेत असाल तरच हा हिशेब. शेजारच्या काकूंना अ‍ॅस्पिरिन चालू आहे आणि आमचं बघून त्यांनी मेथी सोडली होती! आधी पाकिटावर घटकाचं नाव वाचा, मग पथ्य. आकडा खाली आला म्हणून मनाने डोस वाढवायचा नाही आणि एक गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

चातुर्मास पाळणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच. श्रावणात शाक वर्ज्य म्हणून कित्येक घरांत महिनाभर पालेभाजी नसते आणि भाद्रपदात ऋषिपंचमीला अळू, माठ, लाल भोपळ्याचा पाला असं सगळं एकत्र शिजतं. हे व्रत माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून आहे, मोडणार नाही. म्हणून श्रावण लागण्याआधी डॉक्टरांना तारीख सांगून ठेवते. ते मध्ये एकदा जास्तीची तपासणी लिहून देतात आणि ऋषीच्या भाजीतली ह्यांची वाटी मीच वाढते.