आजचं चिंतन : आठवण कोण काढतं?



आजचं वाचन दोन ठिकाणचं आहे. महाभारताच्या आदिपर्वातली द्रोण आणि द्रुपद यांची भेट, आणि श्रीमद्भागवताच्या दहाव्या स्कंधातले ८० आणि ८१ हे अध्याय, म्हणजे सुदाम्याची कथा. दोन्ही कथा तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहेत. तरी आज त्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. मी काल रात्री तशा वाचल्या आणि बराच वेळ झोप लागली नाही. कारण पुढे सांगतो.

आधी द्रोण. भरद्वाजांच्या आश्रमात द्रोण आणि पांचालांचा राजपुत्र द्रुपद एकत्र शिकले, एकत्र वाढले. पुढे द्रुपद राजा झाला. द्रोणांच्या घरी मात्र एक गायही नव्हती. श्रीमंतांची पोरं दूध पिताना पाहून अश्वत्थामा रडायला लागला. पोरांनी पिठाचं पाणी कालवून त्याला दिलं आणि तो "मी दूध प्यालो" म्हणत नाचला, हा प्रसंग वाचताना आजही पोटात कालवतं. बाप म्हणून द्रोणांना ते सहन झालं नाही. ते द्रुपदाकडे गेले आणि म्हणाले, मी तुझा मित्र. द्रुपदाने भर दरबारात सांगितलं की राजाची आणि दरिद्री माणसाची मैत्री होत नसते, तेव्हा काही होतं ते त्या वेळच्या गरजेपुरतं होतं.

द्रुपद चुकलाच. त्याबद्दल दुमत नको. पण आपण कीर्तनात इथेच थांबतो, द्रुपदाला नावं ठेवतो आणि पुढे जातो. पुढचं नीट वाचा. द्रोण हस्तिनापूरला आले. भीष्मांनी मानाने ठेवून घेतलं, राजकुमार शिष्य मिळाले, घर भरलं. अश्वत्थाम्याला आता हवं तेवढं दूध होतं. ज्या कारणासाठी द्रुपदाकडे गेले होते ते कारण मिटलं होतं. पण हिशोब मिटला नाही! गुरुदक्षिणा म्हणून द्रोणांनी काय मागितलं? द्रुपदाला बांधून आणा. अर्जुनाने आणला. द्रोणांनी अर्धं राज्य ठेवून घेतलं आणि अर्धं परत दिलं, आणि म्हणाले की मला तुझी मैत्रीच हवी आहे, आता आपण बरोबरीचे झालो.

मला इथे द्रोणांची कीव येते. एवढं सगळं करूनही त्यांना द्रुपदाकडून तेच एक वाक्य हवं होतं. ते मिळालं का? द्रुपदाने यज्ञ केला, त्यातून द्रोणांना मारणारा धृष्टद्युम्न जन्मला. युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोण पडले ते मुलाच्या मृत्यूच्या खोट्या बातमीने. आणि त्याच मुलाने, पिठाचं पाणी पिऊन नाचलेल्या अश्वत्थाम्याने, रात्री झोपलेल्या पांचालांची कत्तल केली आणि कपाळावरचा मणी गमावून रानोमाळ फिरला. द्रुपदाने नाकारलेल्या मैत्रीची किंमत शेवटी द्रोणांच्या घराने भरली.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात याच जातीची एक गोष्ट घडून गेली आहे. कामठा नावाचं गाव आहे (नागपूरजवळची कामठी नव्हे). संत लहरीबाबांच्या आश्रमामुळे तुमच्यापैकी काहींनी ते पाहिलं असेल. तिथे एके काळी किल्ला होता आणि मोठी जमीनदारी होती. १८१६ मध्ये नागपूरचे दुसरे रघूजी भोसले वारले. त्यांनी हयातभर इंग्रजांची तैनाती फौज नको म्हटलं होतं. त्यांचा पुतण्या मुधोजी, म्हणजे आप्पासाहेब, याला सत्तेसाठी पाठीराखा हवा होता. त्याने त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीशी तह केला. असल्या तहांच्या मसुद्यात मैत्री हा शब्द असतोच. या मैत्रीचा भाव होता वर्षाला साडेसात लाख रुपये.

दीड वर्षात, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला, त्याच मित्राशी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. आप्पासाहेब हरला. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी त्याला पकडलं, प्रयागला नेत असताना मे महिन्यात तो जबलपूरजवळून निसटला, पुढे महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्याला राहिला आणि १८४० मध्ये जोधपूरला परक्याच्या दारात वारला.

पण मला आप्पासाहेबापेक्षा चिमणा पटेल जास्त आठवतो. तो कामठ्याचा जमीनदार. कंपनीशी तह त्याने केला नव्हता, साडेसात लाखांचा करार त्याला कुणी विचारून केला नव्हता. पण धन्यासाठी तो उठला, आणि सप्टेंबर १८१८ मध्ये कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठ्याचा किल्ला घेतला. जमीनदारी त्याच्या घराण्याकडून गेली. नागपूरच्या वाड्यात एकाने चुकीच्या माणसाला मित्र म्हटलं, आणि बिल कामठ्याला आलं. शाळेत सीताबर्डीची लढाई शिकवतात, कामठ्याचं नाव कुणी घेत नाही. असो.

आता झोप का लागली नाही ते. माझा एक मित्र होता. नागपूरच्या हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. तो राजकारणात गेला आणि मोठा झाला. मी पुण्यात नोकरीला लागलो, पण त्याचं काम सोडलं नाही. रात्री जागून त्याची भाषणं लिहिली. त्याच्या लोकांना स्टेशनवर घ्यायला गेलो. आपला माणूस "तिथे" आहे, या एका वाक्याची नशा होती, खोटं कशाला बोलू. एकदा चॅट वरपर्यंत सरकवून पाहिली तर सगळे मेसेज उजवीकडचे, माझेच. डावीकडे फक्त कामं: "हे बघ जरा", "उद्यापर्यंत पाठव".

मग आमगावकडे धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. मी सगळ्यांना सांगून ठेवलं, साहेब येणार. फ्लेक्सवर त्याचा फोटो गणपतीपेक्षा मोठा छापला. मे महिना, गोरज मुहूर्त. वऱ्हाड बालाघाटहून बस करून आलेलं. मी भटजींना थांबवलं. बाबांना हार देऊन मांडवाच्या दाराशी उभं केलं. एक तास चाळीस मिनिटं! मुहूर्त टळला, पंगत खोळंबली, लहान पोरं झोपली. बाबांच्या हातातला हार सुकला. बहीण अंतरपाटामागून एवढंच म्हणाली, "भाऊ, तुझा दोस्त येते का नाही?" तो आला नाही. त्याच संध्याकाळी तो दुसऱ्या एका लग्नात होता, ते मला त्याच्या स्टेटसवर दिसलं.

मी महिनाभर त्याच्यावर चिडलो होतो. काल द्रोण वाचताना लक्षात आलं की बाबांना दाराशी त्याने उभं केलं नव्हतं, मी केलं होतं.

आता भागवत उघडा. सुदामाही गरीबच, आणि त्यालाही बायकोने पाठवलंय. तिने शेजारून मूठ मूठ पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून दिले. (धानाच्या जिल्ह्यात वाढल्यामुळे मला हे पोहे नेहमी जरा आपलेच वाटतात.) तो द्वारकेला पोचतो. भगवंत त्याचे पाय धुतात, आपल्या पलंगावर बसवतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण मग बोलणं सुरू होतं तेव्हा कोण बोलतं ते पाहा. सांदीपनींच्या आश्रमाची आठवण सुदामा काढत नाही. श्रीकृष्ण काढतात. गुरुपत्नीने लाकडं आणायला पाठवलं होतं, वादळ आलं, अंधारात रानात आपण हात धरून फिरलो, हे सगळं द्वारकेचा राजा सांगतो आणि सुदामा ऐकतो. पोह्यांची पुरचुंडीसुद्धा सुदामा लपवतोय, भगवंत ओढून घेतात.

पांचालच्या दरबारात जुनी ओळख द्रोणांना सांगावी लागली. द्वारकेत ती सुदाम्याला सांगावी लागली नाही. मी सुदाम्याची कथा आजवर श्रद्धेची, नाहीतर गरिबीची म्हणून ऐकली. ही गोष्ट तिथेच लिहिलेली होती आणि दिसली नव्हती.

एक शंका तुम्ही विचाराल म्हणून आधीच लिहितो. देवाशी आपलं नातंही एकतर्फीच नाही का, आपणच रोज हाक मारतो आणि उत्तर येत नाही? मलाही असे दिवस येतात. पण सुदामा इतकी वर्षं द्वारकेला गेला नव्हता, तरी लाकडांची रात्र तिकडे कुणीतरी जपून ठेवली होती. यापेक्षा जास्त मला आज सांगता येत नाही.

आजचा अभ्यास छोटा आहे. आपल्या फोनमधल्या एखाद्या "मोठ्या" माणसाची चॅट उघडा आणि मागच्या वर्षभरात जुनी आठवण कोणी काढली ते बघा. त्याला काही लिहू नका, ब्लॉकही करू नका. त्याच्यासाठी घरातलं कोण किती वेळ दाराशी उभं राहिलं, तेवढं मात्र वहीत लिहा.

मी सकाळी बहिणीला फोन केला. त्या दिवसाबद्दल माफी मागायची होती. ती रोवणीच्या गडबडीत होती, बांध्यांत पाणी पुरेसं नाही, मजूर मिळत नाहीत, असं वीस मिनिटं सांगत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, तुले आठवते का, लहानपणी आपण बांधीत चिखलात पडलो होतो अन् बाबांनी दोघांनाही खांद्यावर आणलं होतं?"

उद्या अध्याय ८१ चा उत्तरार्ध, सुदामा घरी परत येतो तिथपासून.

राम कृष्ण हरी.