आजारी तान्ह्या मुलाच्या उशाशीं

शास्त्रभाग : २ शमुवेल १२:१५-२३, योहान ४:४६-५४, योहान ९:१-३.

मंडळींतील एखाद्या घरीं तान्हें मूल अत्यवस्थ असतें, तेव्हां त्या घरीं जावयास पुष्कळांचें पाऊल उचलत नाहीं. काय बोलावें, कशी प्रार्थना करावी, हें त्यांस सुचत नाहीं. मोठें माणूस आजारी असलें तर तें आपलें दुखणें सांगूं शकतें, स्वतः प्रार्थना करूं शकतें. तान्ह्या मुलास यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. त्याच्यासाठीं सर्व कांहीं आईबापांनीं करावयाचें, आणि त्यांची तर त्या वेळीं मति गुंग झालेली असते. म्हणून उपदेशकांनीं व मंडळींतील वडील माणसांनीं हा पाठ आधींच शिकून ठेवावा.

१. दुखणें हा दोषाचा पुरावा नव्हे.

मूल आजारी पडलें कीं शेजारीपाजारी कारण शोधूं लागतात. कोणी म्हणतात, कुलदैवत सोडलें म्हणून कोप झाला; सटवाईला नवस करा, गळ्यांत गंडा बांधा. आणि दुःखाची गोष्ट ही कीं, आपल्यांतीलहि कोणी कुजबुजतात, आईबापांनीं कांहीं पाप केलें असेल. ह्या दोन बोलण्यांत नांवाशिवाय फारसा फरक नाहीं. दाविदाचा दाखला पुढें करणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, त्याच्या मुलाच्या दुखण्याचें कारण नाथान संदेष्ट्यानें त्यास सांगितलें होतें. आपल्या शेजाऱ्याच्या मुलाविषयीं आपणांस असें कोणीं सांगितलेलें नाहीं. उलट, जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं विचारिलें कीं पाप ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें, तेव्हां प्रभूनें तो दोष दोघांवरूनहि काढून टाकिला. जो दोष प्रभूनें काढिला तो आपण पुन्हा एखाद्या आईच्या माथीं मारूं नये.

२. मागावें, आणि मोकळ्या मनानें मागावें.

कांहीं भाविक आईबापांस वाटतें कीं, मूल जगावें असें मागणें म्हणजे देवाच्या इच्छेला आडवें जाणें होय. दाविदाकडे पाहा. नाथानाचें बोलणें ऐकूनहि त्यानें उपास केला, रात्रभर भुईवर पडून राहिला आणि मुलासाठीं विनवणी केली. देव कदाचित् दया करील, एवढ्याच आशेवर त्यानें मागितलें. कफर्णहूमच्या अंमलदाराकडेहि पाहा. तो काना येथें चालून गेला. त्याच्यापाशीं सुंदर शब्द नव्हते. माझें मूल मरण्यापूर्वीं या, एवढेंच तो म्हणाला, आणि तेवढें बोलणें पुरे झालें. म्हणून ज्या आईला प्रार्थनेचे शब्द सांपडत नाहींत, तिनें मुलाचें नांव घेऊन प्रभूस हाक मारावी. तिचें रडणेंहि प्रार्थनाच आहे.

परंतु येथें एक कठीण गोष्ट आहे, ती लपवूं नये. ह्या दोन्ही बापांनीं मनापासून मागितलें. एकाचें मूल वांचलें, दुसऱ्याचें सातव्या दिवशीं मेलें. ह्यावरून मूल गेलें म्हणजे विश्वास कमी पडला, असें कोणीं म्हणूं नये. आणि तुमचें मूल खास बरें होईल, असें वचन उपदेशकानें स्वतःच्या जिभेनें देऊं नये. जें वचन देवानें दिलें नाहीं तें आपण दिलें, तर उद्यां तीं आईबापें देवालाच खोटें म्हणतील.

३. प्रार्थना करावी आणि दवाखाना गांठावा.

हिज्कीया राजानें प्रार्थना केली, देवानें ती ऐकली, आणि तरीहि यशयानें त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधावयास सांगितलें (२ राजे २०). औषध घेणें हा अविश्वास नव्हे. दोन महिन्यांच्या आंतील मूल दूध ओढीनासें झालें, त्यास झटके आले, अंग तापलें किंवा गार पडलें, श्वास मिनिटास ६० किंवा अधिक वेळां चालूं लागला, बरगड्यांखालीं छाती आंत ओढली जाऊं लागली, किंवा तें निपचित पडून राहिलें, तर सकाळची वाट पाहूं नये. गांवच्या आशाताईस बोलवावें, किंवा १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ सालीं सुरू झाला. त्याप्रमाणें एक वर्षापर्यंतच्या आजारी मुलाच्या उपचारास सरकारी दवाखान्यांत पैसे पडत नाहींत. वाटेंत मुलाला आईच्या उघड्या छातीशीं धरून वरून पांघरूण घालावें, म्हणजे ऊब राहते. पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देणें हें घोर अज्ञान आहे. तें कोणाच्याहि आग्रहानें करूं नये.

गांवच्या माणसांच्या हातून काय होऊं शकतें याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रांत आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील ३९ गांवांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्याच स्त्रियांना नवजात मुलांची घरोघरीं काळजी घेण्यास शिकविलें. इतर गांवांशीं तुलना करतां, तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात मुलांचे मृत्यु सुमारें ६२ टक्क्यांनीं कमी झाल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. असें ज्ञान शिकून घेणें हीहि प्रीतीची सेवा आहे.

४. मूल गेलें तर.

दावीद उठला, त्यानें स्नान केलें, परमेश्वराच्या घरांत जाऊन भजन केलें. मूल आपणांकडे परत येणार नाहीं, पण आपण त्याच्याकडे जाऊं, ही त्याची आशा होती. ज्या प्रभूनें लेंकरांना कवेंत घेतलें त्याच्याच हातीं आपलें लेंकरूं आहे, ही आपली आशा आहे. पण ही आशा सांगून आईला रडूं नको असें म्हणूं नये. लाजराच्या कबरेपाशीं स्वतः प्रभु रडला. मार्टिन लूथर याची मुलगी एलिझाबेथ १५२८ च्या ऑगस्टांत गेली. ती आठ महिन्यांचीहि नव्हती. बापाचें मन लेंकरासाठीं इतकें हळवें होतें हें आपणांस पूर्वीं ठाऊक नव्हतें, अशा अर्थाचें त्यानें एका स्नेह्यास लिहिलें. एवढ्या मोठ्या विश्वासाच्या मनुष्यास रडूं आलें, तर आपल्या गांवच्या आईबापांस कां येऊं नये?

५. भेटीस जाणाऱ्यांसाठीं.

थोडें बोलावें, अधिक वेळ बसावें. प्रार्थना लहान असावी, आणि तींत मुलाचें नांव घ्यावें. दवाखान्यांत भाकरी पोंचवावी. घरच्या इतर मुलांकडे व गुराढोरांकडे पाहावें. मूल बरें झालें किंवा गेलें, तरी आठ दिवसांनीं पुन्हा जावें. कारण पहिल्या दिवशीं घर भरलेलें असतें, आठव्या दिवशीं तें रिकामें असतें.

प्रार्थना : हे दयाळू बापा, हें बाळ तुझें आहे व तूंच तें आम्हांस दिलेंस. तें जगावें अशी आमची फार इच्छा आहे, आणि ती आम्ही तुझ्यापासून लपवीत नाहीं. डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या हातांस यश दे. ह्या आईला रात्रीं थोडी झोंप दे, ह्या बापाला धीर दे. आमचा विश्वास थोडा आहे. त्याला तूं आधार दे. जें होईल त्यांत आम्हांस एकटें सोडूं नको. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.

विचारासाठीं प्रश्न :
१. दाविदाचें मूल मेलें व अंमलदाराचें वांचलें, यावरून त्यांच्या विश्वासाविषयीं आपण काय म्हणूं नये?
२. मूल अत्यवस्थ असल्याचीं कोणतीं लक्षणें तुम्हांस पाठ आहेत?
३. आपल्या मंडळींत ज्यांचें लेंकरूं गेलें आहे असें कोणतें घर आहे, आणि तेथें तुम्ही शेवटीं केव्हां गेलां होतां?