फुकट दिलेल्या प्रोग्रॅमची जबाबदारी कोणाची?

प्रश्न : मी कल्याण पश्चिमेला राहतो आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या सोसायटीची मेंटेनन्सची बिलं काढायला मी एक प्रोग्रॅम लिहिला. थकबाकीवरचं व्याज, पार्किंग, सिंकिंग फंड असा सगळा हिशोब तो करतो. आता डोंबिवली आणि ठाण्यातल्या काही सोसायट्यांचे खजिनदार तो मागताहेत. मला तो सगळ्यांना फुकट द्यायचा आहे. बाबा म्हणतात, उद्या कुणाचं बिल चुकलं तर लोक आपल्या दारात येतील. ‘कोणतीही वॉरंटी नाही’ असं लिहिलं की मी मोकळा होतो का? आणि लायसन्स लावायलाच हवं का?
— एक विद्यार्थी, कल्याण

उत्तर : आधी लायसन्सबद्दल, कारण मोठा गैरसमज तिथेच आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. तुम्ही तो लिहिला त्याच क्षणी हक्क तुमचा झाला, नोंदणी लागत नाही. म्हणजे काहीच न लिहिता दिलेला प्रोग्रॅम सगळ्यांचा होत नाही. तो पुढच्या सोसायटीला देण्याचा, त्यात बदल करून वाटण्याचा अधिकार तुमच्या परवानगीशिवाय कोणालाच नाही. ‘वापरा हो काका’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. याच कायद्याचं कलम ३० परवाना लेखी असावा असं सांगतं. लायसन्स म्हणजे हाच लेखी परवाना. (नोकरी लागल्यावर हेही ध्यानात ठेवा : ऐरोलीच्या किंवा वागळे इस्टेटच्या कंपनीत कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा हक्क, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा असतो. तो तुम्हाला वाटता येणार नाही.)

परवान्याचा मजकूर स्वतः लिहू नका. वकिलांनी घासूनपुसून तयार केलेले मजकूर आयते आहेत. सर्वांत छोटा एमआयटीचा, दोन-तीन परिच्छेदांचा. तो म्हणतो, हवं ते करा, फक्त माझं नाव आणि हा मजकूर सोबत ठेवा. दुसरा मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल. पहिली आवृत्ती १९८९ची, आज चालते ती तिसरी, जून २००७ची. त्याची अट अशी की बदल करून पुढे द्याल तर तेही कोडसकट आणि याच परवान्याखाली द्या. तुमच्या कामाला मी जीपीएलच सुचवेन. एमआयटीखाली एखादा विक्रेता तुमचा प्रोग्रॅम घेईल, चार बटणं वाढवेल, कोड बंद करेल आणि त्याच खजिनदारांना वर्षाच्या वर्गणीवर विकेल. हे त्या परवान्यात बसतं, पण तुम्ही ज्या हेतूने देताय त्याच्या उलट आहे.

जीपीएलमध्ये एक पळवाट मात्र आहे. प्रोग्रॅमची प्रत कोणाला न देता स्वतःच्या सर्व्हरवर चालवून वेबवरून सेवा दिली, तर कोड देण्याचं बंधन लागत नाही. सोसायट्यांचे हिशोब आता बहुतेक ॲपवर गेलेत, म्हणून तुमचा प्रोग्रॅम वेबवर चालणारा असेल तर नोव्हेंबर २००७चा अफेरो जीपीएल घ्या. त्यात ही फट बुजवली आहे.

या अटी नुसत्या कागदावरच्या नाहीत. अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन यांच्या गटाने खेळण्यातल्या आगगाड्या चालवायचं सॉफ्टवेअर मोफत दिलं होतं. एका व्यावसायिकाने त्यांची नावं आणि परवान्याचा मजकूर गाळून ते वापरलं. २००८ साली तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने सांगितलं की फुकट दिलेल्या कामाच्या अटी मोडणं हाही कॉपीराइटचा भंग ठरू शकतो.

आता बाबांची काळजी. ती रास्त आहे. १९३०च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ सांगतं की गिऱ्हाईक विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून, कशासाठी हवं ते सांगून माल घेत असेल, तर माल त्या कामाचा असला पाहिजे. तयार सॉफ्टवेअरही मालच, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात ठरवलं. पण हा कायदा लागतो विक्रीला, आणि विक्रीला किंमत लागते. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदाही मोबदला देणाऱ्यालाच ग्राहक मानतो आणि मोफत सेवा व्याख्येतूनच वगळतो. त्यामुळे तुम्ही एक पैसाही न घेता दिलंत, तर हे दोन्ही कायदे तुमच्याविरुद्ध सहसा वापरता येत नाहीत. परवान्यातला ‘वॉरंटी नाही’ हा डिस्क्लेमर उरलेली शंका मिटवतो : आहे तसं देतोय, चालेलच अशी हमी नाही, नुकसान झालं तर भरपाई नाही. हा मजकूर मोठ्या अक्षरांत दिसतो, कारण अमेरिकेच्या व्यापारी कायद्यात हमी नाकारायची तर ती ठळकपणे नाकारावी लागते.

हे अंग झटकणं आहे असं वाटून संकोचू नका. २०१४च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाची चूक उघड झाली. जगातल्या असंख्य संकेतस्थळांचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएलमध्ये ती दोन वर्षं होती. ते सांभाळत होती मूठभर माणसं, आणि वर्षाला देणग्या यायच्या दोनेक हजार डॉलर. नुकसानभरपाईची टांगती तलवार त्यांच्यावर असती, तर त्यांनी ते कोड जगाला दिलंच नसतं. वॉरंटी नाकारता येते म्हणूनच तुमच्यासारखा विद्यार्थी आपलं काम खुलेपणाने देऊ शकतो.

पण त्या ओळीने सगळं माफ होत नाही. जीपीएलचा मजकूर स्वतःच ‘कायदा परवानगी देईल तितपत’ असं म्हणतो. जाणूनबुजून फसवणूक केली तर कोणतीही ओळ वाचवणार नाही. म्हणून ठाऊक असलेले दोष लपवू नका. थकबाकीवर सरळव्याज लावायचं असतं. महिना बदलताना तुमचा प्रोग्रॅम व्याजावर व्याज चढवतो का, हे मागच्या वर्षाच्या हातच्या हिशोबाशी ताडून पाहा आणि जे तपासलं नाही ते तसं लिहा. खजिनदार बहुधा निवृत्त गृहस्थ असतात, त्यांना इंग्रजी परवाना वाचायला सांगणं बरोबर नाही. सोबत साध्या मराठीत चार ओळी द्या : पहिले तीन महिने बिलं हाताने तपासा, दर महिन्याला बॅकअप घ्या. मूळ इंग्रजी मजकूर मात्र जसाच्या तसा ठेवा. जीपीएल प्रसिद्ध करणारं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन त्याच्या भाषांतरांना कायदेशीर दर्जा देत नाही.

पैशाचं आता. ठाण्याच्या एखाद्या सोसायटीत जाऊन तुम्ही प्रोग्रॅम बसवून दिलात, वर्षभर सांभाळण्याचे पैसे घेतलेत, तर ती सेवा मोफत राहत नाही. तिची जबाबदारी तुमची, कोडच्या डिस्क्लेमरआड तिथे लपता येणार नाही. यात वावगं काही नाही. जीपीएलच्या कलम ४ मध्येच पैसे घेऊन देखभाल किंवा हमी द्यायला मुभा आहे. फक्त एक पानी करार करा : काय दुरुस्त कराल, किती दिवसांत, आणि चूक तुमची निघाली तर भरपाई जास्तीत जास्त किती.

बिलं मराठीत छापणार असाल तर फाँटचा परवानाही बघा. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ ओपन फाँट लायसन्सखाली आहे. तो प्रोग्रॅमसोबत देता येतो, नुसता फाँट विकता येत नाही, आणि त्याच्या परवान्याची फाइल तुमच्या परवान्याशेजारी ठेवावी लागते.