खारपाणपट्ट्यातून नौदलात

नौदलातून निवृत्त होऊन अकोल्याला परत आल्यापासून एनडीएची तयारी करणारी मुलं आणि त्यांचे आईबाप घरी येत असतात. त्यांना वारंवार सांगतो ते इथे लिहून काढलं आहे.

१. समुद्र पाहिला नाही म्हणून बिचकू नका. आपल्याकडचं खारं पाणी म्हणजे पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरी. मी तेवढंच चाखून खडकवासल्याला, एनडीएत गेलो. समुद्र तिथेही नाहीच. नौदलाचे कॅडेट शिडाची होडी हाकायला शिकतात ती धरणाच्या गोड्या पाण्यात, पीकॉक बेला. नौदलाच्या इंजिनिअरांची शाळा, आयएनएस शिवाजी, तर १९४५ पासून लोणावळ्याच्या डोंगरात आहे.

२. हात आधी तयार होतो, डोकं मागून येतं. सुरुवातीलाच दोर हातात देतात आणि बोलाइनची गाठ शिकवतात. दोराला लहानसा वेढा द्यायचा, टोक त्यातून खालून वर काढायचं, उभ्या दोरामागून फिरवायचं आणि त्याच वेढ्यातून परत खाली न्यायचं. कितीही ताण आला तरी हा फास आवळत नाही, आणि भार उतरला की बोटांनी सुटतो. मग तीच गाठ डोळे मिटून मारायला लावतात. नव्या पोरांना हा छळ वाटतो. पण रात्री, पावसात, हलत्या डेकवर डोळ्यांचा उपयोग नसतोच. गोठ्यात दावी बांधलेल्या पोराला हे शहरातल्या मुलांपेक्षा लवकर जमतं, हे मी जरा फुशारकीनंच सांगतो.

३. परंपरेचं कारण विचारा. जहाजावर दर अर्ध्या तासाला टोल का? वाळूचं घड्याळ अर्ध्या तासाचं असायचं, ते उलटताना घंटा वाजवायची. आठ टोल झाले की चार तासांचा पहारा संपला.

४. संस्थेचा इतिहास मुलाखतीपुरता पाठ करू नका. मुंबईत माझगावला नांगरलेल्या ‘डफरिन’ जहाजावर १९२७ पासून हिंदी मुलांना व्यापारी जहाजांवरचे अधिकारी होण्याचं शिक्षण मिळू लागलं. पहिल्या तुकडीतले रामदास कटारी पुढे नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, पण कधी? १९५८ साली! स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षं गोरे साहेबच प्रमुख होते. अधिकारी घडवायला किती वर्षं लागतात, ते या एका तारखेवरून कळतं. एनडीएची सुरुवात १९४९ मध्ये डेहराडूनला झाली, खडकवासल्याचं उद्घाटन १९५५ साली. तिथल्या सुदान ब्लॉकपुढे फोटो सगळेच काढतात. महायुद्धात भारतीय जवान सुदानच्या बाजूने लढले, त्याची जाण ठेवून त्या देशाने एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार आपल्या वाट्याला आले, म्हणून त्या इमारतीला सुदानचं नाव. नौदलाची स्वतःची अकादमी आधी कोचीला, मग १९८६ पासून गोव्यात मांडवीकाठी होती. २००९ मध्ये ती केरळात एझिमलाला गेली.

५. पोहायला शिका. “साहेब, पोट्ट्याले पोहता नाही येत, जमन काय?” हा ठरलेला प्रश्न. जमतं, तिथे शिकवतात. पण बाकीचे रविवारी झोपलेले असतात तेव्हा तुम्ही तलावात असता. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था अमरावतीत असताना वऱ्हाडातल्या मुलांनी व्यायामाला घाबरावं, हे मला पटत नाही.

६. मुलींनीही यावं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर २०२२ मध्ये एनडीएत पहिल्या मुली आल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांच्यातल्या सतरा जणी संचलन करून बाहेर पडल्या. अडचण होते ती वेगळीच. नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्रीबरोबर गणितही लागतं, आणि आपल्याकडच्या हुशार मुली मेडिकलच्या ओढीने अकरावीतच गणित सोडून मोकळ्या होतात. त्या बारावीनंतर भेटायला येतात तेव्हा माझ्या हातात काही उरत नाही. दहावीचा निकाल लागला की या, कॉलेजचा फॉर्म भरायच्या आधी.