पाठवण्याआधी तपासा

तुमचं घर मराठी ख्रिस्ती असेल, तर सनाबिसमध्ये बसूनही तुम्ही मोबाइलवर मराठी बायबल वाचता, नगरच्या आजीसोबत व्हिडिओ कॉलवर प्रार्थना करता. किती सोपं झालंय, नाही का?

नवं साधन वापरणं आजचं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. पुढे पंडिता रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनीच ते छापलं. आधी खिळे जुळवायचे, मग मुद्रितं तपासायची, मगच छपाई. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. अगदी शेवटपर्यंत त्या मुद्रितं तपासत होत्या.

आता ‘फॉरवर्ड’ला एक क्षण पुरतो. मग तपासायचं कोणी? तुम्हीच! समजा, ग्रुपवर मेसेज आला : ‘या काकू आजारी आहेत, प्रार्थना करा.’ सोबत दवाखान्यातला फोटो. जरा थांबा. बातमी खरी आहे का? काकूंना हा फोटो पसरलेला चालेल का? आधी त्यांच्या घरी विचारा. प्रार्थना तर फोटो न पाठवताही करता येते.

शब्दार्थ
खिळे : छपाईसाठी लागणारी धातूची अक्षरं
मुद्रित : चुका शोधण्यासाठी आधी छापलेला कागद

सांगा पाहू
१. रमाबाई शेवटपर्यंत काय करत होत्या?
२. तुम्ही एखादा मेसेज पाठवण्याआधी काय तपासाल?