डॉक्टरांपासून स्टेरॉइड का लपवू नये?

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक छोटी अधिवृक्क ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करते. ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा वेळी शरीराला ते अधिक लागते. मग मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी अधिवृक्क ग्रंथींना तसा हुकूम सोडते.

१९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिसोन हे स्टेरॉइड प्रथम वापरले. जखडलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली! १९५० साली हेंच यांना दोघा शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

पण स्टेरॉइड बाहेरून मिळू लागले की पोष ग्रंथीचा हुकूम थांबतो. औषध बरेच आठवडे चालले तर काम नसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात. अशा वेळी औषध एकाएकी बंद केले किंवा शस्त्रक्रिया करावी लागली, तर जादा कॉर्टिसॉल येणार कोठून? रक्तदाब कोसळतो, प्राणही जाऊ शकतो.

डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तर ते शस्त्रक्रियेच्या वेळी जादा मात्रा देतात आणि औषध बंद करायचे झाल्यास ते हळूहळू कमी करतात. म्हणून गोळी, इंजेक्शन, मलम, दम्याचा फवारा, सारे सांगावे. शरीर कमावण्यासाठी घेतात ती स्टेरॉइडे निराळी. पण तीही शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकाची निर्मिती मंदावतात. डॉक्टर रागावतील म्हणून तीही लपवू नयेत.

घरात कोणी स्टेरॉइड घेत असेल, तर औषधाचे नाव व मात्रा लिहिलेली चिठ्ठी त्यांना सदैव जवळ ठेवायला सांगा.